तीन बिल्ले, एक गाडी

आबा २००८ साली गेले. दिवसकार्य उरकल्यावर त्यांची लोखंडी ट्रंक उघडली. तळाशी, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक जड वस्तू होती. मोटारीच्या इंजिनात पाणी फिरवणारा बिडाचा पंप. कप्पीची बाजू गंजलेली, पण अंग तेल लावून जपलेले. त्या अंगावर उठावाची चार इंग्रजी अक्षरे होती : डी, पी, सी, डी.

आईने तो पाहिला आणि म्हणाली, "ह्योच त्यो. ह्याच्यापायी कोल्हापूर सुटलं आपलं."

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत हिशेबनीस म्हणून माझी नोकरी झाली. पण त्या चार अक्षरांनी मला रद्दीच्या दुकानांत, जुन्या मोटारींच्या शौकिनांच्या शेडमध्ये आणि मुंबईच्या फोर्टातल्या पदपथावरच्या पुस्तकांच्या ढिगांत हिंडवले. इंग्रजी मी मोटारींच्या दुरुस्तीपुस्तिका वाचत वाचत सुधारले. हा लेख त्या हिंडण्याचा गोषवारा आहे. विषय वरवर मोटारींचा आहे : एकच गाडी वेगवेगळ्या नावांनी का विकली जाते?

कोल्हापूर, १९७४

आबा कोल्हापुरात एका गॅरेजमध्ये हेडमेस्त्री होते. शिक्षण चौथीपर्यंत. गुळाचे एक मोठे व्यापारी त्यांचे जुने गिऱ्हाईक होते. त्यांच्याकडे पन्नासच्या दशकातली डिसोटो होती. समोरच्या जाळीला जाड, चकचकीत, उभे दात. आसपास तशी दुसरी गाडी नव्हती आणि मालकांना त्याचा अभिमान होता.

त्या पावसाळ्यात गगनबावड्याच्या वाटेवर गाडी उकळली. पाण्याचा पंप गेला होता. आयातीवर कडक निर्बंध असल्याने अमेरिकन गाडीचा सुटा भाग मिळवणे म्हणजे मुंबईच्या खेपा आणि महिनोन्महिने वाट. मिरजेला एक डॉज किंग्जवे भंगारात निघाली होती. आबांनी तिचा पंप काढून आणला, नवे बेअरिंग आणि सील घातले आणि डिसोटोला बसवला. गाडी पूर्वीसारखी चालू लागली. आबांचा एकच दोष : त्यांनी बिलावर खरे ते लिहिले. 'डॉजचा पंप बसवला.'

मालक बिल घेऊन गॅरेजवर आले. "मेस्त्री, डिसोटोला डॉजचा माल? आमच्या गाडीला भंगार लावलंस आन् वर पैसे मागतोस?"

"मालक, नावं निराळी. हाडं एकच हायती," आबा म्हणाले.

हे वाक्य त्यांना महागात पडले. मालकांनी मुंबईहून 'अस्सल डिसोटोचा' पंप मागवला, दुसऱ्या मेस्त्रीकडून बसवून घेतला आणि आबांचा पंप गॅरेजच्या दारात टाकून दिला. बाजारात बोलबाला झाला की हा मेस्त्री हलके भाग घालून पैसे खातो. गिऱ्हाईक मोठे, गॅरेजवाल्याने आबांना काढले. आम्ही इचलकरंजीला आलो. आबा यंत्रमाग दुरुस्त करू लागले. मोटारीला त्यांनी नंतर पाना लावला नाही. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो.

आबा खरे बोलले होते की स्वतःची चूक झाकत होते, हे मला जाणून घ्यायचे होते. मुलाने असा संशय घ्यावा का, असे कुणी विचारील. पण संशय न घेता केलेला शोध हा शोध नसतो, एवढे हिशेबनिसाच्या कामाने मला शिकवले आहे.

बिल्ला कशाला म्हणायचे

गाडीच्या नाकावर जे धातूचे नाव किंवा चिन्ह असते त्याला आपल्याकडचे मेस्त्री बिल्ला म्हणतात. एकाच साच्यातून निघालेल्या गाड्यांना निरनिराळे बिल्ले लावून विकण्याची रीत मोटारधंद्याइतकीच जुनी आहे. तिचे सुरुवातीचे आणि सर्वांत मासलेवाईक उदाहरण अमेरिकेतले.

चार्ल्स नॅश हे जनरल मोटर्सचे अध्यक्षपद सोडून १९१६ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःच्या नावाची कंपनी काढली. १९२५ मध्ये त्यांनी विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावी एजॅक्स नावाची स्वस्त गाडी बाजारात आणली. गाडी चांगली होती, पण नाव कुणाच्या ओळखीचे नव्हते. खप मनासारखा होईना. वर्षभरातच, १९२६ मध्ये, नॅश यांनी तीच गाडी 'नॅश लाइट सिक्स' या नावाने विकायला काढली आणि ती चालली. पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. ज्यांनी आधीच एजॅक्स घेतली होती त्यांना कंपनीने नव्या नावाचे बिल्ले आणि चाकांच्या टोप्या फुकट दिल्या. जुना बिल्ला काढा, नवा लावा, की तुमची एजॅक्स नॅश झाली. इंजिनाला हात लावायचा नाही.

मला ही हकीकत वाचून आपल्याकडच्या दुकानांच्या पाट्या आठवल्या. भागीदारी मोडली की पाटी बदलते. आत गल्ल्यावर माणूस तोच, तागडी तीच. गाडीवरचे नाव हा गाडीच्या जन्माचा दाखला आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती बहुतेकदा दुकानाची पाटी असते. गाडी कुणी घडवली यापेक्षा ती कुणाच्या दुकानात विकायची आहे, हे ती सांगते.

ब्रिटनमध्ये तर हे उघड्यावर चालले. ऑस्टिन आणि मॉरिस या दोन हाडवैरी कंपन्या १९५२ मध्ये एकत्र आल्या, पण दोघांचे विक्रेते आपापल्या गावात समोरासमोर दुकान मांडून बसलेले होते. कुणालाच रिकामे ठेवता येईना. म्हणून १९५९ मध्ये जी इवलीशी मिनी आली ती एका दुकानात 'ऑस्टिन सेव्हन' होती आणि समोरच्या दुकानात 'मॉरिस मिनी-मायनर'. वुल्झली, रायली, एमजी हीही नावे अशीच एकमेकींच्या अंगावर चढत गेली. वुल्झलीच्या बिल्ल्यात रात्री दिवा लागे, एवढाच काय तो फरक अंधारातही दिसणारा.

वॉल्टर क्रायस्लर यांची चार दुकाने

आता आबांच्या पंपाकडे. डिसोटो आणि डॉज यांचे नाते शोधायचे तर १९२८ सालाकडे जावे लागते.

रेल्वेच्या वर्कशॉपात हाताने काम करून वर आलेल्या वॉल्टर क्रायस्लर यांनी १९२५ मध्ये आपली कंपनी स्थापन केली होती. १९२८ च्या एकाच उन्हाळ्यात त्यांनी तीन गोष्टी केल्या. फोर्ड आणि शेव्हरोलेशी टक्कर देण्यासाठी प्लिमथ ही स्वस्त गाडी काढली. मधल्या किमतीसाठी डिसोटो हे नवे नाव जाहीर केले. आणि डॉज बंधूंची जुनी, नावाजलेली कंपनी विकत घेतली. अशी एका मालकाची चार दुकाने झाली : प्लिमथ, डॉज, डिसोटो आणि क्रायस्लर.

प्रत्येकाचे चिन्ह वेगळे. प्लिमथच्या बॉनेटवर मेफ्लॉवर हे गलबत. १६२० मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या यात्रेकरूंचे. डॉजवर शिंगे रोखलेला मेंढा. डिसोटोवर सोळाव्या शतकातल्या हर्नांडो द सोटो या स्पॅनिश मोहीमवीराचा मुखवटा. गलबत, मेंढा आणि लढवय्या. गिऱ्हाइकाला हेच दिसायचे.

पाठोपाठ जागतिक मंदी आली. महाग गाड्या कुणी घेईना. तेव्हा क्रायस्लरने अमेरिकेतल्या आपल्या सगळ्या विक्रेत्यांना स्वस्त प्लिमथ विकण्याची मुभा दिली. डॉजच्या दुकानात प्लिमथ, डिसोटोच्या दुकानात प्लिमथ. त्यामुळे विक्रेते तगले आणि प्लिमथही तगली. अमेरिकेबाहेर मात्र आणखी सोपी वाट निघाली. प्लिमथचीच गाडी घ्यायची, जाळी आणि नावपट्टी बदलायची आणि डॉजच्या विक्रेत्याला 'डॉज किंग्जवे' म्हणून द्यायची, डिसोटोच्या विक्रेत्याला 'डिसोटो डिप्लोमॅट' म्हणून. म्हणजे प्रत्येकाकडे आपापल्या नावाची स्वस्त गाडी. कॅनडातल्या अशा प्लिमथ-डॉज संकराला तिकडचे लोक थट्टेने 'प्लॉज' म्हणत.

ही माहिती हाती आली तेव्हा मी बराच वेळ स्वस्थ बसून होतो. अमेरिकेत विकली जाणारी डिसोटो ही खरोखर मोठी, महाग आणि १९५२ पासून आठ सिलिंडरचे इंजिन मिळणारी गाडी होती. परदेशी पाठवली जाणारी डिप्लोमॅट ही डिसोटोचे दात लावलेली सहा सिलिंडरची प्लिमथ होती. गुळाचे व्यापारी ज्या नावासाठी आबांवर चिडले, त्या नावाची गाडी त्यांच्याकडे एका अर्थाने नव्हतीच. आपल्या थोर गाडीला हलक्या गाडीचा भाग लावला असे त्यांना वाटले. पण थोरपण सगळे जाळीत होते.

आणि ती चार अक्षरे? एका जुन्या मोटारींच्या शौकिनाने मला एका वाक्यात उत्तर दिले. डी म्हणजे डॉज, पी म्हणजे प्लिमथ, सी म्हणजे क्रायस्लर, डी म्हणजे डिसोटो. चारही दुकानांसाठी ओतलेल्या भागांवर कारखाना ही खूण उठवत असे. बाहेर बॉनेटवर चार धर्म. आत बिडावर एकच गोत्र. आबांना इंग्रजी वाचता येत नव्हते. त्यांनी अक्षरांचा अर्थ लावला नसेल, पण एकाच आकाराची तीच चार अक्षरे तिन्ही गाड्यांच्या पोटात पाहिली असणार. मेस्त्रीला खूण ओळखायला लिपी लागत नाही.

कुर्ल्यातली सूतिका

ही डिप्लोमॅट, ही किंग्जवे कोल्हापूर-मिरजेपर्यंत आल्या कुठून? बोटीने नव्हे. त्या आल्या कुर्ल्याहून. इथे आपल्या महाराष्ट्राच्या उद्योगइतिहासातला एक मोठा माणूस कथेत येतो.

वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ चा. आगबोटी, साखर, बांधकाम, विमाने. त्यांनी हात घातला नाही असा धंदा विरळा. भारतात मोटारी बनाव्यात हा ध्यास सर विश्वेश्वरय्यांनी तीसच्या दशकात धरला होता आणि वालचंदांनी तो उचलला. १९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी फिसकटली. जनरल मोटर्सशीही जमले नाही. या दोघांचे जुळणीचे कारखाने मुंबईत आधीच चालू होते. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ चा. भारतीय भागीदाराची त्यांना गरज वाटली नसावी, असा माझा अंदाज. क्रायस्लरचे इथे तसे काही नव्हते. १९४० मध्ये क्रायस्लरशी करार झाला. पण महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने या कारखान्याला हात दिला नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी नोंदली गेली आणि १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या वर्षी, कुर्ल्याहून पहिली वाहने बाहेर पडली. त्यांत डॉजचे ट्रक होते, प्लिमथच्या मोटारी होत्या.

सुरुवातीला काम जुळणीचे होते. खोक्यांतून सुटे भाग येत आणि कुर्ल्यात त्यांची गाडी होई. पन्नासच्या दशकात या एकाच आवारातून प्लिमथ सॅव्हॉय, डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट अशा तीन नावांच्या गाड्या निघत होत्या. सांगाडा एक, इंजिन एक, दारे एक. फरक जाळीचा, मागच्या दिव्यांचा, नक्षीपट्ट्यांचा आणि बॉनेटवरच्या चिन्हाचा. ट्रकांचेही तेच. डॉजचा ट्रक आणि फार्गोचा ट्रक ही सख्खी भावंडे. आपल्याकडच्या घाटरस्त्यांवर धापा टाकत चढणाऱ्या फार्गो ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी नाव सोडून सगळी डॉजच पाहिली.

भारतासारख्या लहान बाजारात तीन नावे ठेवण्याची गरज काय होती? माझा निष्कर्ष असा : तीन नावे भारतासाठी ठरलीच नव्हती. ती डेट्रॉइटच्या दुकानदारीची रीत होती आणि खोक्यांबरोबर आली. स्वतंत्र भारताने कारखाना उभारला, पण पाट्या अजून परक्या भांडणांच्या होत्या. १९४९ मध्ये तयार मोटारींच्या आयातीवर बंदी आली. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर नुसती जुळणी करणाऱ्यांना इथे जागा उरली नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्सनी गाशा गुंडाळला. त्याच वर्षी वालचंदही वारले. राहिले ते, जे हळूहळू सगळे भाग इथे बनवायला तयार होते.

डुक्कर, डिलाइट, पद्मिनी

इतके भाग बनवायचे तर मोठी अमेरिकन गाडी परवडणार नव्हती. कुर्ल्याने पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीलाच इटलीच्या फियाटशी करार केला होता. १९५४ पासून फियाट ११०० इथे येऊ लागली. १०८९ सीसीचे छोटे इंजिन, गोल गरगरीत अंग आणि उलट्या बाजूने उघडणारे पुढचे दरवाजे. तिचे कागदोपत्री नाव काहीही असो, आपल्या लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हटले. मला हे नाव फार आवडते. जगात कुठल्याही कंपनीने न लावलेला हा बिल्ला. तो विक्रेत्याने लावला नाही, लोकांनी लावला, आणि म्हणूनच तो टिकला.

१९६४ मध्ये फियाटचे कोनदार रूपाचे '११०० डी' हे मॉडेल कुर्ल्यात सुरू झाले, नाव 'डिलाइट'. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फियाटशी असलेला करार संपला. गाडी तीच, साचे तेच, पण आता फियाटचे नाव लावता येईना. म्हणून ती काही काळ 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी'. आबांची नोकरी गेली तेच हे वर्ष. कोल्हापुरात एक माणूस नाव बदलले तरी गाडी बदलत नाही असे म्हणाल्याबद्दल हाकलला जात होता आणि कुर्ल्यात त्याच वर्षी नेमके तेच सिद्ध होत होते.

पद्मिनी ही चितोडची राणी. दोनच वर्षे आधी, १९७२ मध्ये, पुण्याजवळ आकुर्डीला बजाजची स्कूटर 'चेतक' झाली होती. तिथेही हीच कथा. बजाजने इटलीच्या पियाज्योच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली, परवाना संपला, आणि स्वतःच्या नावाने स्कूटर विकायची वेळ आली. चेतक हा महाराणा प्रतापांचा घोडा. महाराष्ट्रातल्या दोन कारखान्यांनी इटालियन वाहनांना नवी नावे देताना दोघांनीही मेवाडकडे पाहावे, ही गंमत मला सहज वाटत नाही. माल साऱ्या देशात विकायचा होता. साऱ्या देशाने शाळेत शिकलेले, कुणाला परके न वाटणारे शौर्य आणि सौंदर्य हवे होते.

इथे दोन रीतींमधला फरक स्पष्ट करतो, कारण पुष्कळदा तो पुसला जातो. प्लिमथ, डॉज, डिसोटो या बहिणी. एकाच वेळी, एकाच बाजारात, निरनिराळ्या दुकानांतून विकल्या जाणाऱ्या. पद्मिनी ही फियाटची बहीण नव्हे, ती लेक. माहेरचे नाव टाकून सासरचे लावलेली, आणि माहेर विसरल्यावरही तिकडचे नाकडोळे घेऊन जगलेली. इटलीत ११०० डी १९६६ मध्ये बंद झाली. कुर्ल्यातली तिची लेक २००० च्या आसपासपर्यंत निघत राहिली. पहिल्या रीतीत नाव बदलते ते विक्रेत्याच्या सोयीसाठी. दुसरीत नाव बदलते तेव्हा घडवणारा म्हणत असतो की ही आता माझी. बिल्ला दोन्हीकडे बदलतो, पण बदलणाऱ्या हाताचा हेतू एक नाही.

मुंबईकरांनी मात्र या नव्या नावाचीही फार पत्रास ठेवली नाही. काळीपिवळी टॅक्सी पद्मिनी असली तरी लोक 'फियाट'च म्हणत राहिले. ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांचे वय. त्या हिशेबाने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी उठली. त्या आठवड्यात निरोपाचे लेख सगळीकडे आले. त्यांतही कितीकांनी तिला फियाट म्हटले होते.

नव्या पाट्या

हा सगळा जुना इतिहास आहे असे समजू नये. साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बनलेली 'प्रिया' आमच्या पिढीने लग्नात आहेर म्हणून पाहिली. ती बजाजच्याच स्कूटरची बहीण. नाशिकला महिंद्रने २००७ मध्ये रेनोबरोबर 'लोगन' आणली; भागीदारी सुटल्यावर २०११ मध्ये तीच 'व्हेरिटो' झाली. पद्मिनीचीच पुनरावृत्ती. चाकणच्या एकाच कारखान्यातून फोक्सवॅगन व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड निघाल्या. आता व्हर्टस आणि स्लाव्हिया निघतात. मारुतीची बलेनो २०१९ पासून टोयोटाच्या दुकानात ग्लान्झा म्हणून मिळते.

माझा भाचा नवी गाडी घेताना या जोड्यांपैकी एकीवरून दुसऱ्या नातेवाइकाशी तावातावाने भांडत होता. माझी चांगली, तुझी हलकी. मी ऐकत होतो. यात कुणी कुणाला फसवत नाही. हमी, सेवा, विक्रेत्याची वागणूक यांत खरोखर फरक असू शकतो आणि पैसे त्याचेही असतात. पण भांडण त्यावरून नव्हते. भांडण नावावरून होते. आणि असे भांडण झाले की मधल्या मधे कुणा मेस्त्रीचे काय होते, ते आमच्या घराने पाहिले आहे.

शेडमधली डिसोटो

एवढे कागद जमले तरी माझा हिशेब बंद होत नव्हता. कोल्हापूरच्या त्या शौकिनाने भागांच्या यादीची झेरॉक्स दिली होती. तिच्यात पंपाच्या ओळीत तिन्ही नावांपुढे एकच क्रमांक होता. पण यादी म्हणजे यादी. मला गाडी पाहायची होती.

चौकशी करता करता कळले की ती डिसोटो अजून आहे. व्यापाऱ्यांच्या नातवाने ती गावाबाहेरच्या गुऱ्हाळाशेजारी एका शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवली आहे. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मी फोन करून गेलो. मेस्त्रींचा मुलगा असे मी सांगितले नाही. जुन्या गाड्यांवर लिहितो, एवढेच सांगितले. पिशवीत फडक्यात गुंडाळलेला पंप होता.

ताडपत्री निघाली. दात तसेच होते, दोन-तीन काळवंडलेले. नातू चाळिशीचा, मोकळा माणूस. "आजोबांची लाडकी. आता चालत नाही, पण विकवत नाही," तो म्हणाला. मी बॉनेट उघडायची परवानगी मागितली.

आत उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या. पंख्यामागे, मुंबईहून मागवलेला तो 'अस्सल डिसोटोचा' पंप अजून जागेवर होता. मी रुमालाने त्याच्या अंगावरची धूळ आणि चिकटा पुसला. मोबाइलचा दिवा धरला. चार अक्षरे वर आली. मग मी पिशवीतला पंप काढून त्याच्या शेजारी धरला. तेच अंग, तीच भोके, तीच चार अक्षरे, त्याच जागी.

नातवाने दोन्हींकडे पाहिले. "एकच आहेत की हो. हा तुमच्याकडे कसा?"

मग मी सांगितले. सगळे. तो मधे बोलला नाही. सांगून झाल्यावर त्याने विचारले, "म्हणजे आजोबांनी तेव्हा पैसे घालून तोच पंप आणला?"

"तोच," मी म्हणालो.

त्याने कुणाला तरी हाक मारून चहा सांगितला. चहा येईपर्यंत तो बॉनेटला टेकून उभा होता. मग म्हणाला, "काका, आजोबा फार तापट होते. पण खोटं कळलं असतं तर त्यांनी मागं घेतलं असतं, असं मला वाटतं. खात्री नाही देता येत."

मलाही ती देता येत नव्हती. आबांनी पंप का जपला याचीही नाही. राग म्हणून, पुरावा म्हणून, की चांगला माल भंगारात घालवायचा नाही या सवयीने? शेवटचे कारण मला सर्वांत खरे वाटते.

निघताना नातू म्हणाला, गाडी पुन्हा चालू करायची आहे, आणि बसवलेल्या पंपाचा दांडा जाम झाला आहे. मी पिशवीकडे पाहिले. आबांनी नवे बेअरिंग घातलेला पंप जेमतेम काही दिवस चालला होता. सील बदलले की तो आजही पाणी फिरवील.

पंप मी तिथेच ठेवून आलो. नातवाने पावती करू का विचारले. मी हो म्हणालो आणि मजकूर सांगितला : 'डॉजचा पंप मिळाला.' त्याने तसेच लिहिले, खाली सही केली. ती पावती आता ट्रंकेत आहे, त्याच फडक्यात.